अस्वलाची खोक

बरसीचा स्वयंपाक अर्ध्यावर आला होता, वड्यांचं तेल नुकतं कुठे तापलं होतं, आणि तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवर माणूस नव्हता. चादरीत गुंडाळलेली, सुतळीनं आवळलेली एक चौकोनी वस्तू तिथं उभी बांधली होती. ज्यानं ती आणली त्यानं आधी ती सोडवली आणि मगच डोक्याचा रुमाल सोडला. दामिनीला वाटलं, बाबांच्या बरसीला कोणी आरसा घेऊन आलं की काय.

"पेंटर काकाचं घर हेच ना?" तो माणूस म्हणाला. "मी खेमराज. दरेकस्याहून आलो."

सुमित्राबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दरेकसा हे नाव कानावर पडलं मात्र, त्यांनी पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला, सूप उचललं आणि आत निघून गेल्या. माय ही अशीच. बाबांकडे कोणी तसबीर करून घ्यायला आलं की ती पदराआड जायची. साऱ्या देवरीत बायका म्हणायच्या, पेंटरीणबाईले भलता तोरा हाय. सालेकसा-दरेकसा भागातल्या लग्नांना ती कधी गेली नाही की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गेली नाही. दामिनीला लहानपणी याची लाज वाटायची, मोठेपणी राग यायचा. आता नवरा जाऊन वर्ष झालं, स्वतःची पासष्टी उलटली, तरी बाई परक्याला तोंड दाखवत नाही म्हणजे काय म्हणावं.

खेमराजला केवळराम पेंटर गेल्याचं माहीतच नव्हतं. ओसरीतल्या खुर्चीवर हार घातलेला फोटो पाहून तो उभ्या जागी थबकला. फोटो मोबाईलवर काढलेला होता, दामिनीनंच तो आपल्या फ्लेक्सच्या दुकानात मोठा केला होता. ज्या माणसानं सगळ्या तालुक्याचे चेहरे काढले त्याचा स्वतःचा चेहरा काढायला कोणी नव्हतं. खेमराजनं चप्पल काढली, खुर्चीपुढं डोकं टेकवलं आणि मग गुडघ्यांत मान घालून तिथंच बसला.

"काकाच गेले तं आता मी कोनाकडं जाऊ?"

"आधी पानी पी," गजेंद्र म्हणाला. गजेंद्र हा केवळरामचा थोरला, देवरीत हार्डवेअरचं दुकान चालवणारा, आलेल्या माणसाला मान देणारा. "आज बरसी हाय. जेवल्याबिगर जायचं नाही. काय आनलं ते तं दाखव."

खेमराजनं सुतळी सोडली. चादरीच्या आत जुनं लुगडं होतं आणि लुगड्याच्या आत तसबीर.

"माकडायनं छपराचे कवेलू फोडले जी. आमाले मालूमच नाही. सारा पावसाळा मायच्या तोंडावरून पानी वाहून राहिलं होतं."

तेलरंगातली बाई होती. विशीतली, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. पाण्यानं उजवा गाल आणि ओठ पार नेले होते, तिथं नुसतं करडं कापड उरलं होतं. डोळे शाबूत होते. डाव्या भिवईला मधोमध छेद देणारी एक पांढुरकी रेघही शाबूत होती.

"मी रांगत होतो तवाच माय गेली," खेमराज सांगू लागला. हे त्यानं आयुष्यात पुष्कळदा सांगितलं असावं, कारण सांगताना तो खुलला. "एक फोटू नाही तिचा. बापानं पेंटर काकाकडून हे काढून घेतलं. ही भिवईवरची खोक पाह्यली का? मोहफुलं वेचाले गेली होती जंगलात, अस्वल आडवं आलं. दुसरी बाई असती तं मेली असती. मायनं सरळ त्याच्या थोबाडावर टोपली हाणली. त्यानं पंजा मारला, तं ही येवढीच खोक. आमच्या गावात पोरीले अजून सांगतात, भिऊ नोको, खेमराजची माय अस्वलाले नाही भ्याली."

गजेंद्रनं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं त्याच्याकडे. दारात उभ्या असलेल्या शामकला आत्यानं तोंडावर हात ठेवला. ती खोक या घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. धान कांडताना बहिणीच्या हातचं मुसळ निसटलं आणि मायच्या भिवईवर बसलं, ही गोष्ट मायनंच त्यांना जेवू घालताना सांगितली होती.

"तू जरा बस," गजेंद्र कसाबसा म्हणाला. "आमी आलोच."

स्वयंपाकघरात सुमित्राबाई कढईपुढं बसून वडे उलटत होत्या. रेणू, गजेंद्रची बायको, खीर ढवळत होती. गजेंद्रनं दार लोटलं.

"माय, ते तू होयेस."

"हो," सुमित्राबाई म्हणाल्या आणि वडा उलटला.

एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं उत्तर. आधी तोंड उघडलं ते शामकलाबाईनं. केवळरामची ही धाकटी बहीण कालच कोहमाऱ्याहून आली होती आणि भावाच्या बरसीचं काय चुकतं यावर सकाळपासून नजर ठेवून होती.

"जित्या बाईच्या तसबिरीले हार?" ती म्हणाली. "उदबत्ती? केवळदादानं हे केलं? म्हनून तं वहिनी, तुझे पहिले दोन लेकरं हाती लागले नाही. म्हनून तं औंदा पावसाळ्यात तू मरता मरता वाचली."

"आत्याबाई, हळू बोला," दामिनी म्हणाली. "तो बाहेर बसला हाय."

"अशा किती हायत, माय?" गजेंद्रनं विचारलं.

"मोजल्या नाही रे. ज्याच्याकडं फोटू राहे त्याचं काम फोटूवरून होये. ज्याच्याकडं नसे त्याच्यासाठी मी बसत होती."

दामिनी दाराला टेकून उभी होती. डोळ्यांपुढून आतल्या खोलीचं लहानपणी पाहिलेलं बंद दार हलत नव्हतं. बाबा कामात हायत, तिकडं जाऊ नोका, असं आजी सांगायची, आणि माय कुठे आहे हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

बाबांचं सगळं आयुष्य तिला पाठ होतं, निदान तिला तसं वाटत होतं. गोंदियात एका उस्तादाच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवण्यापासून सुरुवात. नट-नट्यांचे दोन-दोन पुरुष उंच चेहरे, गालावर निळा रंग, डोळ्यांत पिवळा. तिथून देवरीला परत. ट्रकांवर मोर, शाळांच्या भिंतींवर पुढारी, निवडणुकीत सगळ्याच पक्षांची चिन्हं, कारण पेंटरला पक्ष नसतो असं ते म्हणायचे. आणि मग मेलेली माणसं. आधी एकानं बापाची तसबीर करून घेतली, ती पाहून दुसऱ्यानं, आणि बघता बघता डोंगराकडच्या गावांत केवळराम पेंटरच्या हातची तसबीर नसलेलं घर सापडेना. पुढे स्टुडिओ आले, मोबाईल आले, फ्लेक्स आला. बाबा तक्रार न करता लेकीच्या दुकानात बसून वाढदिवसाचे बॅनर गुंडाळू लागले. एक गोष्ट मात्र त्यांना कधीच जमली नाही. समोर पाहिल्याशिवाय त्यांचा हात चालायचा नाही. डोक्यातून त्यांना साधा लोटासुद्धा काढता यायचा नाही.

"बाबानं तुले जितेजी मारलं," गजेंद्र म्हणाला, "आनि लोकायच्या भिंतीवर टांगलं." बापाच्या सरणापाशी जो रडला नव्हता तो इथं तेलाच्या धुरात उभा राहून रडू लागला.

सुमित्राबाईंनी कढई उतरवली. हात पुसले.

"तुया बाप बाहेर ओसरीवर त्या लोकायजवळ बसे. ते सांगत. नाक कसं, बोलताना मान कशी हाले. मंग तो आत येऊन मले सांगे आनि मी तसं तोंड करत होती. कोनाची लेक रागावली का ओठ पुढं काढे. मी ओठ पुढं काढला. पहिले मले हसू आलं, मंग रडू आलं. कोनाची सासू एक डोळा बारीक करून पाहे. मी दुपारभर डोळा बारीक करून बसली. त्या बाया मी पाह्यल्या नाही, गजू. पन तेवढ्या वेळापुरती मी तीच राहत होती."

"आनि ही खोक?"

"मी बसली त्यात खेमराजच्या मायची तसबीर पहिली होती. तुया बाप जे दिसे ते काढे, खोकबी काढून बसला. ते लोक घेऊन गेले तवा त्याच्या ध्यानात आलं. मंग पुढच्या साऱ्यायच्या भिवया त्यानं भरून काढल्या." सुमित्राबाई थोड्या हसल्या. "तवापासून मी पदर घेतला. कोनी ओळखलं असतं तं त्याची माय गेली असती ना पुन्हा."

खोलीत खिरीचा वास भरून राहिला होता. रेणू खीर हलवायची विसरली आणि तळाला लागली तेव्हा तिला कळलं.

"माझं आयका," गजेंद्र नाक पुसत म्हणाला. आता तो दुकानात गिऱ्हाईकाशी बोलतो तसा बोलू लागला, म्हणजे त्याचं ठरलं होतं. "दामिनी, तू बाहेर जाऊन सांग, हे सुदरत नाही. तसबीर आपल्याकडं ठेवून घे. सांजच्याले मी वाघ नदीत सोडून येतो. मंग बाकीच्या गावात फिरू, जेवढ्या भेटंन तेवढ्या परत आनू."

"बरोबर हाय," शामकलाबाई म्हणाली.

"पोराबाळाचं घर हाय," रेणूही म्हणाली. "अपशकुन ठेवू नये."

"आनि त्याले काय देऊ?" दामिनीनं विचारलं.

"कॉम्प्युटरवर बनवून दे ना. एखादी बाई. त्यानं मायले पाह्यलंच नाही तं त्याले काय समजते?"

रेणूनं झटकन मान वर केली. तिची स्वतःची आई ती शाळेत असताना गेली होती. "असं नका बोलू जी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मघाशी जिथं गजेंद्रच्या बाजूला उभी होती तिथून सरकून सासूजवळ जाऊन बसली.

"पन खोटंच होये ना ते?" शामकलाबाई हटायला तयार नव्हती. "दुसऱ्याच्या मायचं नाव आनि तोंड हिचं. लोकायले फसवलंच ना दादानं?"

सुमित्राबाईंनी दुसऱ्या, उघड्या दारातून मधल्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं केवळरामच्या आईची तसबीर होती. पांढरं लुगडं, बारीक डोळे, हनुवटी थोडी वर. तशीच दुसरी शामकलाबाईच्या कोहमाऱ्याच्या घरी होती आणि तिच्या पाया पडल्याशिवाय ती सकाळी चहा पीत नसे.

"बाई, तुमच्या मायचा फोटू होता का कोठी?" सुमित्राबाईंनी विचारलं.

शामकलाबाई भिंतीकडे पाहत राहिली.

"त्याले स्वतःच्या मायचं तोंड आठवे, पन कागदावर धरता येत नव्हतं. तुमी सासरी होत्या तवा. चार दिवस बसली मी, हनुवटी वर करून. मान धरली होती माझी. तुमी आल्या, पाह्यलं, तवा काय म्हनल्या होत्या?"

"हुबेहूब," शामकलाबाई म्हणाली. आणि ती पाटावर खाली बसली.

गजेंद्र एकटा पडला होता. त्याला ते कळलं, आणि त्यामुळे तो जास्तच हट्टाला पेटला. "मले हे सारं नाही समजत," तो म्हणाला. "कोन बरोबर, कोन चूक, मले करायचं नाही. बाबा गेला. मले तू पायजे, माय. तुया तसबिरीले कोठीबी हार हाय म्हनलं तं मले रात्री झोप येनार नाही."

सुमित्राबाई उठल्या आणि त्यांनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

"अरे, इतकी वर्सं घरोघरी लोक मले हात जोडून राहिले. पोरीच्या लग्नाची पहिली पत्रिका माह्यासमोर ठेवतात. नवं धान आलं का पहिला भात माह्यासमोर. येवढ्या लोकायनं हात जोडल्यानं कोनी मरते का रे? मले तं वाटते, त्यायच्यानंच वाचली असंन."

गजेंद्रनं तरी मानलं नव्हतं. "दामिनी, तू जाऊन सांग," एवढंच तो पुन्हा म्हणाला.

दामिनीला एकच विचारायचं होतं. बाबांनी तिला केस शिकवले, दागिने शिकवले, लुगड्याचे काठ शिकवले. चेहरा कधी शिकवला नाही. मागं लागली की म्हणायचे, पाहू पुढं. तिनं मनात धरलं होतं की आपल्यात तेवढा गुण नाही. म्हणूनच तिनं फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं.

"मले काऊन नाही शिकवला चेहरा?" तिनं मायला विचारलं.

"तो म्हने, तिले शिकवला तं तिच्यासमोर कोन बसंन? एका बाईनं जनमभर पदर घेतला, तेवढा बस."

दामिनी बाहेर आली. खेमराजनं तसबीर ओसरीवर आलेल्या उन्हातून उचलून पेरूच्या झाडाच्या सावलीत खोडाला टेकवून ठेवली होती आणि आपण शेजारी उन्हात बसला होता. तिला पाहून उठला.

"होईन ना, ताई?"

नाही म्हणायचं होतं. घरी ठरलंच होतं तसं, आणि नाही म्हणणं सोपंही होतं. रंग गेला, कापड कुजलं, आता काही होत नाही. ती खाली बसली आणि तिनं त्या करड्या जागेवरून बोट फिरवलं. कापड कुजलं नव्हतं. बाबांनी रंगाखाली सरसाचा लेप इतका दाबून भरला होता की इतकं पाणी जाऊनही विणीचा एक धागा सुटला नव्हता. बाबांच्या हातच्या कामाबद्दल तिला खोटं बोलता येईना.

"होते," ती म्हणाली. "पन ओठ गेले हायत. गाल गेला. कोनाले तरी समोर बसवून काढा लागंन."

"मंग मी बसू का?" खेमराज उत्साहानं म्हणाला. "सारे म्हनतात, मी मायवरच गेलो."

आणि त्यानं ओठ थोडे दाबले, डावीकडे किंचित जास्त. दामिनीला भडभडून आलं. तिची माय सुईत दोरा ओवताना ओठ असेच दाबायची. हा माणूस लहानपणापासून त्या तसबिरीकडे पाहून पाहून तसे ओठ दाबायला शिकला होता.

मागं पावलं वाजली. खेमराजची नजर दामिनीच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथंच खिळली. दामिनीनं वळून पाहिलं. सुमित्राबाई अंगणात येऊन उभ्या होत्या. पदर खांद्यावर होता. परक्या माणसापुढं उघड्या तोंडानं उभी असलेली माय दामिनीनं जन्मात पाहिली नव्हती. ऊन थेट चेहऱ्यावर पडलं होतं. गाल सुकलेले, कपाळ मोकळं, आणि डाव्या भिवईत ती पांढरी रेघ.

"मी तुया मायले पाह्यलं नाही, बापा," त्या म्हणाल्या. "तुया बाप आला होता, तुले खांद्यावर घेऊन. तू लय रडून राहिला होता. मी आतून दुधाची वाटी पाठवली होती. तुया बाप तिचं सांगत होता, तसं मी तोंड केलं, आनि आमच्या यायनं काढलं. तुले फसवाचं नव्हतं."

खेमराजनं तसबिरीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. पुन्हा तसबिरीकडे. आता हा ओरडणार, दामिनीला वाटलं. शिव्या देईल, तसबीर पायानं उडवेल, आणि देईना का, त्याचा हक्कच आहे. गजेंद्रही दारात येऊन उभा राहिला होता.

"मंग अस्वल?" खेमराजनं विचारलं.

"मुसळ होतं रे. बहिनीच्या हातचं."

त्यानं मान हलवली. पुष्कळ वेळ नुसती मान हलवत राहिला. त्याच्या गावात ज्या गोष्टीवर पोरी धीट होत होत्या ती गोष्ट इथं अंगणात संपली होती, आणि तो ती मनातल्या मनात कुठे ठेवावी ते पाहत असावा.

आतून रेणू ताट घेऊन आली. भात, वरण, कढी, वडे, लागलेली खीर. मृताच्या नावाचं पान तिनं आत आधीच काढून ठेवलं होतं. आता पाहुण्याचं पहिलं ताट होतं, आणि घरच्या बायका सगळ्यांनंतर जेवणार होत्या. तिनं ते खेमराजपुढं केलं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, पण बसला नाही. तो चालत सुमित्राबाईंजवळ गेला आणि खाली वाकून त्यानं ते ताट त्यांच्या पायांपुढं ठेवलं.

"पितरपाटात मी पहिलं ताट मायपुढं ठेवतो," तो म्हणाला. "मंग सारं कावळ्याले टाकतो. घरचे म्हनतात, माय जेवली. मी कधी पाह्यलं नाही तिले जेवताना."

सुमित्राबाईंनी नणंदेकडे पाहिलं. बरसीच्या दिवशी घरच्या बाईनं आधी जेवू नये हे सांगायला शामकलाबाई दारात होतीच. तिनं काहीच सांगितलं नाही. सुमित्राबाई तिथंच पेरूच्या सावलीत मांडी घालून बसल्या, वड्याचा तुकडा मोडला, कढीत बुडवला आणि खाल्ला. खेमराज समोर उकिडवा बसून पाहत होता. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. दामिनी धावत आत गेली आणि बाबांच्या पेटीतली पेन्सिल घेऊन आली. माय चावताना ओठ दाबत होती, डावीकडे किंचित जास्त.

ताटातले वडे संपत आले. खेमराजनं इकडेतिकडे पाहिलं. परक्याच्या घरी वाढायला कोणाला मागावं ते त्याला कळेना. गजेंद्र दारातून आत गेला, वड्यांची परात घेऊन बाहेर आला आणि मायसमोर न थांबता ती त्यानं खेमराजच्या हातात दिली.

"तूच वाढ," तो म्हणाला.